बालिंग: डोंगर, रबर आणि जिल्हा अधिकाऱ्याची खुर्ची

मलेशियाच्या वायव्य टोकाचं केदाह हे राज्य त्या देशाचं भाताचं कोठार म्हणून ओळखलं जातं. राजधानी आलोर सेतारच्या आसपासची सपाट, कालव्यांनी भिजणारी जमीन पाहिली की ते पटतंही. राज्याच्या आग्नेय कोपऱ्यातल्या बालिंग जिल्ह्याचा मात्र या चित्राशी फारसा संबंध नाही. इथे डोंगर आहेत, चुनखडीचे उभे कडे आहेत आणि उतारांवर रबराची झाडं आहेत. एका अंगाला थायलंडचा याला प्रांत, दुसऱ्या अंगाला पेराक राज्याचा हुलू पेराक भाग. पश्चिमेला वाहणारी केतिल नदी पुढे मुदा नदीला मिळते, आणि मुदेच्याच पाण्यावर शेजारचं पेनांग राज्य तहान भागवतं. या पाण्याचा मोबदला मिळावा, अशी केदाहची पेनांगकडे बरीच वर्षं तक्रार चालू आहे.

आपल्या मापाने बालिंग जेमतेम तालुका भरेल. क्षेत्र सुमारे दीड हजार चौरस किलोमीटर, वस्ती दीड लाखाच्या आतबाहेर. केदाहमध्ये असे १२ जिल्हे आहेत. बालिंगचे आठ मुकिम पडतात: बालिंग, कुपांग, सियोंग, तावार, पुलाई, बोंगोर, बाकाई आणि तेलोई कानान. मुकिम म्हणजे महसुली मंडळासारखा गावांचा गट. त्याच्यावर पंगहुलू नावाचा सरकारी नोकर असतो, गावात गावप्रमुख असतो, आणि सगळ्यांच्या वर जिल्हा अधिकारी. ही उतरंड कुठून आली हे पाहिल्याशिवाय बालिंगचा इतिहास उलगडत नाही, कारण इथला जवळजवळ प्रत्येक मोठा प्रसंग या उतरंडीला अनपेक्षित धक्का देऊन गेला आहे.

केदाहचे सुलतान पूर्वी सयामचे, म्हणजे आजच्या थायलंडचे, मांडलिक होते आणि दर तीन वर्षांनी बँकॉकला सोन्या-चांदीची झाडं नजराणा म्हणून पाठवत. १८२१ मध्ये सयामने केदाहवर चाल केली. सुलतान अहमद ताजुद्दीन पेनांगला पळाले आणि १८४२ पर्यंत त्यांना गादी परत मिळाली नाही. त्या काळात डोंगरी मुलखातला अंमल म्हणजे स्थानिक सरदार आणि गावकारभारी यांचा अंमल. रेघ मारून आखलेली सीमा तेव्हा नव्हतीच. ती आली १० मार्च १९०९ च्या बँकॉक कराराने. केदाह, पर्लिस, केलांतान आणि तेरेंगानू सयामकडून ब्रिटिशांच्या छत्राखाली गेले. बालिंगच्या पूर्वेचा क्रोहचा भाग तोवर पातानीच्या (आजच्या दक्षिण थायलंडमधल्या मलय मुलखाच्या) गोतातल्या रमान या छोट्या मलय राज्याकडे होता. तो पेराकला जोडला गेला आणि रमानचा बाकीचा मुलूख सयामकडे राहिला. ज्यांची सोयरीक दोन्ही बाजूंना होती, ती कुटुंबं एका सहीनिशी दोन देशांत वाटली गेली.

ब्रिटिश आले तरी केदाहने आपलं आडमुठेपण सोडलं नाही. त्याच्या चार वर्षं आधी, १९०५ मध्ये, सयामकडून कर्ज घेताना इथे राज्य परिषद स्थापन झाली होती आणि कारभाराची घडी बसू लागली होती. ब्रिटिश सल्लागार आलोर सेतारला बसला, पण दप्तर मलय भाषेत आणि अरबी वळणाच्या जावी लिपीतच चाललं, आणि बहुतेक जिल्ह्यांत अधिकारीही मलयच राहिले. १९२३ च्या करारात तर केदाहने आपल्या संमतीशिवाय आपल्याला दुसऱ्या कशात विलीन करता येणार नाही, असं लिहूनच घेतलं. या हट्टाचा अवशेष आजही दिसतो: केदाहमधल्या सरकारी कचेऱ्यांची साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारची आहे.

जिल्हा अधिकारी हा त्या काळापासून महसूल, जमीन, कायदा-सुव्यवस्था असं सगळं पाहणारा माणूस. केदाहच्या सुलतानांचे पुत्र टुंकू अब्दुल रहमान १९३१ मध्ये याच राज्यसेवेत शिरले. पादांग तेराप, लंकावी अशा जागी त्यांनी जिल्हा सांभाळला, आणि डिसेंबर १९४१ मध्ये जपानी फौजा उतरल्या तेव्हा ते बालिंगला लागून असलेल्या कुलीमला होते. त्याच महिन्यात पंजाब रेजिमेंटच्या भारतीय तुकड्या पातानीच्या रस्त्यावर जपान्यांना अडवायला सीमेपलीकडे गेल्या आणि मार खाऊन बेतोंग, क्रोह असं करत बालिंगच्या दिशेने मागे हटल्या. १९४३ मध्ये जपानने केदाह सयामच्या हवाली केलं, आणि १९४५ मध्ये ते पुन्हा ब्रिटिशांकडे आलं.

युद्धानंतरची लढाई जंगलातली. १९४८ ते १९६० या आणीबाणीच्या काळात मलायन कम्युनिस्ट पक्षाचे गनिम सरहद्दीच्या रानात वावरत आणि कोंडी झाली की पलीकडच्या बेतोंगच्या बाजूला सरकत. सरकारने १९५० पासून रानालगतच्या वस्त्या, मुख्यतः चिनी, उठवून काटेरी तारांच्या कुंपणात ‘नवी गावं’ वसवली. गंमत अशी, की १९५२ च्या कायद्याने गावपातळीवर निवडून आलेली मंडळं आली ती यातल्या कित्येक कुंपणातल्या गावांत. जिथे रात्री बाहेर पडायला बंदी, तिथे मतपेटी.

बालिंगचं नाव जगभर छापून आलं ते डिसेंबर १९५५ मध्ये. जुलैच्या निवडणुकीनंतर टुंकू मलायाचे, म्हणजे आजच्या मलेशियाच्या द्वीपकल्पी भागाचे, मुख्यमंत्री झाले होते. त्यांनी गनिमांचा नेता चिन पेंग याच्याशी बोलणी ठरवली ती बालिंगच्या शाळेत. इतकी आडवळणाची जागा निवडली, कारण ती चिन पेंगच्या तळापासून जवळ होती. तो पेराकच्या बाजूला क्लिआन इंतानजवळ जंगलातून बाहेर आला. त्याला आणायला गेला होता जॉन डेव्हिस, जपान्यांविरुद्धच्या लढाईतला त्याचाच जुना ब्रिटिश साथीदार. २८ आणि २९ डिसेंबरला एका बाजूला टुंकू, सिंगापूरचे मुख्यमंत्री डेव्हिड मार्शल आणि चिनी समाजाचे नेते तान चेंग लॉक बसले, तर दुसऱ्या बाजूला चिन पेंग आणि त्याचे साथीदार चेन तिएन आणि रशीद मैदिन. पक्षाला मान्यता मिळावी आणि शरण येणाऱ्यांची चौकशी होऊ नये, हा चिन पेंगचा आग्रह टुंकूंनी मानला नाही. बोलणी फिसकटली. पण माझ्या मते टुंकूंना त्यातून हवं ते मिळालं होतं: गनिमांशी बोलणारा माणूस ब्रिटिश नव्हता. काही आठवड्यांतच ते लंडनला स्वातंत्र्याच्या वाटाघाटीला गेले, आणि ३१ ऑगस्ट १९५७ ला मलाया स्वतंत्र झाला. चिन पेंगशी समझोता व्हायला मात्र डिसेंबर १९८९ उजाडावं लागलं. तोही थायलंडच्या हातयाईत झाला.

स्वातंत्र्यानंतर जिल्हा अधिकाऱ्याच्या खुर्चीला नवं वजन आलं. उपपंतप्रधान अब्दुल रझाक यांनी ग्रामविकासासाठी प्रत्येक जिल्ह्याला एक ‘लाल पुस्तक’ भरायला लावलं. त्यात गावागावाचे रस्ते, पूल, विहिरी, शाळा यांच्या मागण्या नकाशांवर मांडायच्या आणि कचेरीतल्या नियंत्रण खोलीत भिंतीवर प्रगती लावायची. ही पद्धत सरळ आणीबाणीच्या लष्करी खोल्यांमधून उचललेली होती. रझाक अचानक दौऱ्यावर येत आणि नकाशापुढे उभं राहून अधिकाऱ्याला हिशेब विचारत. कामं झाली, यात शंका नाही. पण काय हवं ते ठरवणारी समिती अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली होती.

इथे आपल्याशी तुलना करायचा मोह आवरत नाही. महाराष्ट्रात १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि विकासाची बरीच कामं निवडून आलेल्या अध्यक्षाकडे गेली. मलेशियाने नेमकी उलटी वाट धरली. इंडोनेशियाशी चकमकी चालू आहेत असं कारण देऊन १९६५ मध्ये स्थानिक निवडणुका थांबवल्या. त्या परत सुरू कराव्यात, अशी शिफारस चौकशी आयोगाने करूनही १९७६ च्या कायद्याने त्या कायमच्या बंद झाल्या. आज बालिंगला जिल्हा परिषदेसारखी एक संस्था आहे. पण तिचे सदस्य राज्य सरकार नेमतं.

मधल्या काळात, १९७४ च्या अखेरीस, बालिंग पुन्हा पेटलं. जागतिक मंदीत रबराचे भाव कोसळले आणि अन्नधान्य महागलं. दोन-चार एकरांवर चीक काढून पोट भरणाऱ्या मलय शेतकऱ्यांची चूल अडली, आणि हजारो माणसं रस्त्यावर उतरली. शेतकऱ्यांच्या पाठिंब्यासाठी डिसेंबरच्या सुरुवातीला क्वालालंपूरमध्ये विद्यार्थ्यांनी मोर्चा काढला, त्यात हजाराहून अधिक धरले गेले. तरुण नेता अन्वर इब्राहिम अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली जवळजवळ दोन वर्षं स्थानबद्ध राहिला. पुढच्याच वर्षी विद्यापीठ कायदा आवळून विद्यार्थ्यांच्या राजकारणाला बांध घातला गेला. तोच अन्वर २०२२ मध्ये पंतप्रधान झाला.

गावपातळीवर नेमणुकांचं राजकारण कसं चालतं हे केदाहने २००८ नंतर चांगलंच पाहिलं. राज्यात विरोधी पक्ष निवडून आल्यावर त्याने आपली माणसं गावसमित्यांवर बसवली, आणि केंद्राने शेजारीच आपल्या स्वतंत्र ‘संघीय’ समित्या काढल्या. एका गावात दोन समित्या, दोन अध्यक्ष. २०१३, २०१८ आणि २०२० मध्ये राज्याची सत्ता पुन्हा पुन्हा फिरली.

४ जुलै २०२२ ला गुनुंग इनासच्या उतारावरून लाकूड, चिखल आणि पाण्याचा लोंढा कुपांगच्या गावांवर कोसळला आणि तिघांचा जीव गेला. डोंगरावर ड्युरियनच्या बागेसाठी झालेल्या तोडीवर बोट ठेवलं गेलं. जमीन आणि जंगल हे विषय घटनेनुसार राज्याचे, तेव्हा परवानगी आलोर सेतारची. आपत्ती निवारण समितीचा अध्यक्ष मात्र जिल्हा अधिकारी. आणि बालिंगच्या लोकांनी मत देऊन निवडलेले लोकप्रतिनिधी फक्त चार: संसदेत एक, आणि विधानसभेत बायू, कुपांग व क्वाला केतिल यांचे तीन.