छोट्या गावात "सगळं जवळ" असतं? काय जवळ ते तरी नीट सांगा

रिटायर झाल्यावर दापोली नाहीतर वाईला जाऊन राहायचं म्हणणारे मुंबई-पुण्याचे लोक भेटले की हमखास तेच ऐकायला मिळतं, "तिथे कसं सगळं जवळ". हे अर्धवट आहे आणि या अर्धवट माहितीवर लोक इथला फ्लॅट विकून मोकळे होतात, मला खरंच काळजी वाटते त्यांची.

शहराचं काय ते तुम्हाला माहितीये, डोंबिवलीहून सीएसएमटी फास्ट लोकलनेही तासाच्या वर, ते सोडा. गावात भाडं कमी, हवा चांगली, मॉल नाही, मान्य. पण "गावात खर्चच नसतो" असं तेवढं म्हणू नका हो, पेट्रोल, सिलिंडर, मोबाईलचा रिचार्ज गाव बघून स्वस्त होत नाही.

घोळ होतो तो इथे: रोज लागणारं गावात जवळ असतं आणि क्वचित लागणारं लांब, शहरात बरोबर उलटं. तालुक्याच्या गावात भाजी, दूध, बँक, तहसील, मुलांची शाळा सगळं गाडीवर दहा मिनिटांत उरकतं. आणि मेंदूचा डॉक्टर? त्याचा मेडिकलबाहेर बोर्ड असतो, "दर महिन्याच्या दुसऱ्या व चौथ्या गुरुवारी, ११ ते २, नावनोंदणी आत". आता झटका शुक्रवारी रात्री आला तर? अर्धांगात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, त्याआधी सीटी स्कॅन, म्हणजे अँब्युलन्स मिळणं, पावसातला घाट उतरणं, पोचल्यावर तिथे स्कॅन चालू असणं हे सगळं त्या साडेचार तासांतच बसवायचं. परळला किंवा डेक्कनला राहणाऱ्याला हा हिशोब कधी करावाच लागत नाही, म्हणून तो सुचतही नाही.

कोर्टाचंही तेच. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, तोपर्यंत सावंतवाडीच्या माणसाचं हायकोर्टात काही निघालं की मुंबई गाठायची.

आणि सगळी छोटी गावं एका मापाने मोजू नका. मिरजेत १८९४ साली वॉनलेस डॉक्टरांनी हॉस्पिटल काढलं तेव्हापासून लोक तिथे उपचाराला लांबून येतात, बार्शीत कॅन्सरचं हॉस्पिटल आहे, कराडला मेडिकल कॉलेज. माझं स्पष्ट मत, घरात सत्तरीचं माणूस असेल तर समुद्र-डोंगर नंतर, आधी कराड-मिरजेच्या बाजूला बघा. तिशीतले, घरून काम करणारे असाल तर दापोलीला बिनधास्त जा, रोजचा प्रवास वाचतो ही फार मोठी गोष्ट आहे. फक्त प्लॉट बघायला गेलात की एजंटचं ऐकून झाल्यावर मेडिकलवाल्याला विचारा, रात्री दोन वाजता सीटी स्कॅन कुठे होतं, आणि सही करायच्या आधी भर पावसात एकदा तिथपर्यंत गाडी चालवून बघा.