कासव जेवत नाही? जंताचं औषध लगेच देऊ नका

आषाढाची झड लागली की फोंडा-डिचोलीकडच्या ओळखीच्यांचे फोन सुरू होतात. "कासवानं चार दिवस काही खाल्लं नाही, जंताचं औषध देऊ का?" मी आधी विचारतो, टाकीतलं पाणी किती गार आहे?

सरपटणाऱ्या प्राण्यांना अंगची ऊब जवळजवळ नसते. ती उन्हातून, तापलेल्या दगडातून घ्यावी लागते. ऊब कमी पडली की पचन मंदावतं, पोटातलं अन्न पुढे सरकत नाही आणि भूक मरते. बियर्डेड ड्रॅगन हा ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या मुलखातला सरडा. त्याला शेकायला सुमारे ४० अंश सेल्सिअसची जागा लागते. गोव्यात पावसाळ्यात दिवसदिवस ऊन नसतं, वीज गेली की ऊब देणारा दिवाही विझतो. मग तो कसा जेवणार?

ऊब आणि उन्हासारखे अतिनील किरण देणारा दिवा व्यवस्थित असूनही वजन घटत असेल, शी पातळ होत असेल, तर मात्र परजीवींचा संशय घ्यावा. रानात प्राणी शी करून पुढे निघून जातो. काचेच्या पेटीत तीच शी अन्नात, पाण्यात मिसळते आणि तोच प्राणी पुन्हा पुन्हा स्वतःची बाधा करून घेतो. कॉक्सिडिया या सूक्ष्म परजीवींची अंडीवजा बीजं तर ओलाव्यातच बाधा करण्याजोगी होतात. आपल्याकडचा दमट पावसाळा त्यांना मानवतो. शाकाहारी कासवांच्या आणि इग्वाना सरड्यांच्या आतड्यात थोडे सूतकृमी, म्हणजे दोऱ्यासारखे बारीक जंत, मात्र नेहमीच सापडतात. नुसती अंडी दिसली म्हणजे आजार झाला, असं नाही.

क्रिप्टोस्पोरिडियम या दुसऱ्या सूक्ष्म परजीवीची मला खरी भीती वाटते. लेपर्ड गेको ही पाळली जाणारी पाल आपली चरबी शेपटीत साठवते. या बाधेत ती शेपूट काडीसारखी होते. सापांत जठराची भिंत जाड होऊन मधलं अंग फुगतं, गिळलेलं भक्ष्य उलटून पडतं. खात्रीचं औषध नाही, साध्या ब्लीचनंही हे परजीवी मरत नाहीत. म्हणून आजारी प्राण्याची पेटी, चिमटा, वाडगा सगळं वेगळं ठेवा. कासव आणि साप तर कधीच एकत्र नकोत: कासवाच्या पोटात निमूट राहणारा एक अमीबा सापाची आतडी जखमी करून त्याला मारू शकतो.

आणि ही चूक कृपा करून करू नका. गुरांना, कुत्र्यांना दिलं जाणारं आयव्हरमेक्टिन हे जंताचं औषध घरात असतं, म्हणून कासवाला टोचलं जातं. कासवांत ते मज्जासंस्थेवर घाला घालतं. आधी पाय लुळे पडतात, मग श्वास थांबतो. औषध कोणतं आणि किती, हे शी तपासल्यावर डॉक्टरांनीच ठरवायचं. शी ताजी, काही तासांच्या आतली, स्वच्छ डबीत ओलसर न्यावी. वाळली की हलणारे एकपेशीय जीव मरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओळखू येत नाहीत.

तोवर दर आठवड्याला छोट्या काट्यावर वजन करून वहीत लिहा. भिंतीवरची पाल, स्वयंपाकघरातलं झुरळ खायला घालू नका. बाधा त्यांतूनही येते. आणि टाकी धुवायची ती भांड्यांच्या सिंकमध्ये नको, कारण साल्मोनेला हा जिवाणू कासवाला काही करत नसला तरी घरातल्या लहान मुलाला आजारी पाडू शकतो.