रक्त पोहोचतं का? फॅटी लिव्हर, इजा आणि सोनोग्राफीची पार्श्वभूमी

यकृत फाटून रक्तस्राव होत असेल तर तो कसा रोखायचा, याची युक्ती ग्लासगोचे सर्जन जेम्स हॉगर्थ प्रिंगल यांनी १९०८ साली मांडली. यकृतात शिरणाऱ्या रक्तवाहिन्या एकत्र दाबून धरायच्या. यकृताच्या शस्त्रक्रियेत आजही हेच करतात. पण क्लॅम्प, म्हणजे वाहिन्या दाबणारा चिमटा, सोडल्यावर पुढे काय होतं, हा प्रश्न बराच काळ मागे पडला. परत आलेलं रक्तच दुसरी इजा करतं: कुप्फर पेशी, म्हणजे यकृतातल्या संरक्षक पेशी, खवळतात, ऑक्सिजनचे घातक रेणू तयार होतात, वाहिन्यांचं अस्तर सुजतं आणि पांढऱ्या पेशी त्याला चिकटून बसतात. प्रत्यारोपणात तर यकृत काही तास रक्ताविना राहतं, तेव्हा ही इजा ठरलेलीच.

फॅटी लिव्हरला ती जास्त भोवते. चरबीने फुगलेल्या पेशी शेजारच्या सायनुसॉइडना, म्हणजे यकृतातल्या अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांना, चेपतात. त्या मुळातच जेमतेम लाल पेशीच्या रुंदीच्या. त्यात सूज आली की रक्त अडलंच. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमधल्या गटाने १९९०च्या दशकाच्या अखेरीस लेझर डॉप्लर, म्हणजे लेझरच्या प्रकाशाने रक्ताचा प्रवाह मोजणारं तंत्र, लावून दाखवलं की चरबीमुळे यकृतातला सूक्ष्म प्रवाह घटतो. मात्र लेझरला थेट यकृताचा पृष्ठभाग लागतो, म्हणजे पोट उघडंच हवं. बाहेरून पाहायचं तर अल्ट्रासाउंड हा एक मार्ग होता.

ख्रिश्चन डॉप्लर यांनी १८४२ साली ताऱ्यांच्या रंगांवरून मांडलेलं तत्त्व, म्हणजे वस्तू जवळ येते की लांब जाते त्यानुसार तिच्याकडून येणाऱ्या लहरी बदलतात, हे ओसाकाच्या शिगेओ सातोमुरा यांनी १९५०च्या दशकात अल्ट्रासाउंडमध्ये आणलं आणि १९८०च्या दशकात रक्ताचा प्रवाह रंगांत दाखवणारा रंगीत डॉप्लर आला. प्रत्यारोपणानंतर हेपॅटिक आर्टरी, म्हणजे यकृताची धमनी, बंद तर पडली नाही ना, हे खाटेपाशीच पाहता येऊ लागलं. त्याने असंख्य यकृतं वाचली, याबद्दल वाद नाही.

तरी एक पोकळी राहिली, आणि माझ्या मते या विषयाचं मर्म तिथेच आहे. सायनुसॉइडमधलं रक्त सेकंदाला एक मिलिमीटरही सरकत नाही. श्वासाबरोबर अख्खं यकृत त्याहून जास्त हलतं. ही हालचाल गाळण्यासाठी मशीनमध्ये फिल्टर असतो आणि तो या संथ रक्तालाही गाळून टाकतो. त्यामुळे आर्टरीचा आलेख उत्तम, रेझिस्टिव्ह इंडेक्स (प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याचा आकडा) नेहमीच्या ०.५५ ते ०.८०च्या टप्प्यात आणि आत पेशी मात्र उपाशी, असंही होऊ शकतं.

वाट सापडली ती हृदयाच्या तपासणीतून. अमेरिकेत रॉचेस्टरला रेमंड ग्रॅमियाक आणि प्रवीण शाह यांनी १९६८ साली नोंदवलं की हृदयाजवळ द्रव टोचताच इकोवर ढगासारखा पुंजका उमटतो. कारण होतं द्रवातले बुडबुडे. पुढे ते मुद्दाम बनवले गेले. २००१ साली युरोपात आलेल्या सोनोव्ह्यू या बुडबुड्यांच्या औषधामध्ये फॉस्फोलिपिडच्या कवचात सल्फर हेक्झाफ्लोराइड वायू असतो. बुडबुड्याचा सरासरी आकार अडीच मायक्रॉन, म्हणजे लाल पेशीहून लहान. लाल पेशी जाते तिथे तो जातो, रक्तवाहिनीबाहेर पडत नाही आणि वायू शेवटी श्वासावाटे निघून जातो.

मोजायचं कसं, हे व्हर्जिनियाच्या केविन वेई, संजीव कौल आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली हृदयाच्या स्नायूवर दाखवलं. बुडबुड्यांचा संथ, सलग पुरवठा ठेवायचा, अल्ट्रासाउंडचा एक जोरदार झटका देऊन समोरचे बुडबुडे फोडायचे आणि काळी पडलेली जागा पुन्हा कशी उजळते ते पाहायचं. भरण्याचा वेग म्हणजे रक्ताचा वेग, शेवटची उजळी म्हणजे रक्ताचं आकारमान. दोन्हींच्या गुणाकारातून प्रवाहाचा अंदाज.

यकृतात हे गणित अवघड होतं. इथे सुमारे तीन चतुर्थांश रक्त पोर्टल व्हेनचं, म्हणजे आतड्यांकडून येणाऱ्या शिरेचं, उरलेलं आर्टरीचं, आणि भरताना दोन्ही मिसळतात. शिवाय चरबी अल्ट्रासाउंडच्या लहरी क्षीण करते, त्यामुळे फॅटी लिव्हरचा खोल भाग आपोआप काळवंडतो. तो अंधार कमी रक्ताचा की चरबीचा? म्हणून दोन रुग्णांच्या आकड्यांची तुलना फसवी ठरू शकते. त्याच यकृताची, त्याच खोलीवरची, इजेआधीची आणि नंतरची नोंद शेजारी ठेवणं मला जास्त भरवशाचं वाटतं.

भारतात बहुतेक यकृत प्रत्यारोपणं जिवंत दात्याकडून होतात आणि अनेक इच्छुक दात्यांना आधी वजन उतरवून या, असं सांगावं लागतं. दात्याची चरबी सीटी, एमआरआय किंवा बायोप्सीने ठरते. पण अशा यकृतातून रक्त कसं वाहतं, याचं बुडबुड्यांनी केलेलं मोजमाप अजून नेहमीच्या तपासणीत आलेलं नाही.