मामांचे 22 लाख: साठवायचे की गुंतवायचे?

मामा निवृत्त झाले आणि पीएफ-ग्रॅच्युइटीचे 22 लाख एकदम खात्यात आले. पुढच्याच रविवारी पासबुक पिशवीत घालून घरी हजर. "अरे, बँकेत मला चहा पाजला. तीस वर्षांत पहिल्यांदा!" चहाबरोबर एक माहितीपत्रकही मिळालं होतं. 'एफडीसारखंच आहे काका, परतावा फक्त जास्त.' वाचलं तर युलिप. म्हणजे बाजाराशी जोडलेला विमा, पाच वर्षं पैशाला हात लावता येत नाही.

'एफडीसारखंच' या शब्दातच घोळ आहे. एफडीच्या पावतीवर मुदतीअखेर किती मिळणार ते छापलेलं असतं. ती बचत. बँक बुडाली तरी एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासकट 5 लाखांपर्यंत विमा आहे (फेब्रुवारी 2020 पर्यंत तो जेमतेम 1 लाख होता), म्हणून सगळी रक्कम एकाच बँकेत ठेवू नये.

गुंतवणुकीत असा आकडा कुणी छापून देत नाही. शेअर बाजाराचा निर्देशांक सेन्सेक्स जानेवारी 2008 मध्ये 21 हजारांवर गेला होता, मार्च 2009 मध्ये 8 हजारांच्या घरात आला. ज्यांना थांबता आलं त्यांचं पुढे भरून निघालं. पण घरात लग्न तोंडावर असेल तर मांडववाला थांबतो होय?

मग सगळंच एफडीत? महागाई 6 टक्के धरली तर साधारण 12 वर्षांत भाव दुप्पट होतात, आणि व्याजावर कर असतोच. आकडा शाबूत राहतो, पिशवीत येणारं सामान निम्मं होतं.

म्हणून मी मामांना योजना विचारल्याच नाहीत, तारखा विचारल्या. धाकटीचं लग्न वैशाखात, ते 8 लाख दोन बँकांत एफडीला. घरखर्चाला हातभार म्हणून 9 लाख पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, दर तिमाहीला व्याज. उरले 5 लाख. दहा वर्षं त्यांची गरज पडणार नाही म्हणाले, तेव्हा ते लिक्विड फंडात (अल्प मुदतीच्या कर्जरोख्यांत पैसे ठेवणारा म्युच्युअल फंड) ठेवून दरमहा 25 हजार इंडेक्स फंडात (सेन्सेक्ससारख्या निर्देशांकातलेच शेअर घेणारा फंड) वळवायचे ठरवले. एकरकमी टाकणं हिशेबाने बऱ्याचदा सरस ठरतं, कबूल. पण मामांना रात्री झोपही लागायला हवी.

इतक्यात मामी आतून म्हणाल्या, "आणि गावच्या घराची कौलं? पावसाळ्याआधी बदलायचीत ना?"

दोन लाख तिथल्या तिथे एफडीकडे गेले.