सायकलला हेल्मेटसक्ती: हा वाद नेमका आला कुठनं?

परवा सकाळची राईड संपवून सांगलीत विश्रामबागला चहाला थांबलो तर परत तोच विषय. एक जण म्हणाला सरकारनं सायकललापण हेल्मेट कंपल्सरी करून टाकावं, विषय संपला, तर दुसरा म्हणाला मग आमच्या दूधवाल्या मामांनी कॅन सांभाळायचे का हेल्मेट, आणि तिथनं जी जुंपली ती चहा गार होईपर्यंत. गंमत म्हणजे बसलेल्यातल्या निम्म्या लोकांना वाटत होतं की कायदा आहेच, फक्त पोलिस पकडत नाहीत. म्हणून म्हटलं जरा मागनं सांगावं.

तर आपल्याकडं कायदा नाही. हेल्मेटचं कलम म्हणजे मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२९, ते मोटारसायकलपुरतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड हजार रुपये आणि लायसन तीन महिने सस्पेंड, पण सायकलवाल्याला लायसनच नाही तर सस्पेंड काय करणार? बॅटरीवाली सायकलसुद्धा २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत असली तर मोटार वाहन धरत नाहीत. पुण्यात २०१९ च्या जानेवारीत पगड्या घालून मोर्चे निघाले ते सगळे टू-व्हीलरच्या सक्तीविरुद्ध होते, सायकलचा त्यात संबंध नव्हता.

पण सायकलवाल्याला कायद्याचा जाच नवीन आहे असं कुणी समजू नये. सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा, त्याचा वर्षाचा कर भरायचा, रात्री दिवा नसला की पकडायचे, डबलसीट दिसलं तरी पकडायचे. आमचे अण्णा मिरजेहून रात्रीचे येताना डायनामो बंद पडलेला, तर हवालदारानं दोन्ही चाकातली हवा सोडली आणि अण्णा सायकल ढकलत घरी आले, ही गोष्ट आम्ही दर दिवाळीला ऐकलीय. डोक्याबद्दल मात्र तेव्हा कुणी एक शब्द बोललं नाही. टोपी असायची, ती उन्हासाठी.

हेल्मेट आलं ते शर्यतीतनं. जुने रेसर चामड्याच्या पट्ट्यांची जाळी डोक्याला बांधायचे, त्यानं खरचटणं वाचायचं फार तर. १९५६ साली अमेरिकेत पीट स्नेल नावाचा कार रेसर अपघातात गेला, त्याच्या मित्रांनी १९५७ ला हेल्मेट तपासणारी संस्था काढली, आणि हेल्मेट म्हणजे नुसती टोपी नाही तर मोजून बघायची वस्तू आहे हे तिथनं रुजत गेलं. १९७५ ला बेल कंपनीनं खास सायकलसाठी हेल्मेट काढलं, आत आपलं थर्माकोल, म्हणजे गणपतीच्या मखराला वापरायचो त्याच जातीचं, फक्त घट्ट. त्याचं काम एकच, डोकं आपटलं की स्वतः चेपायचं. एकदा चेपलं की संपलं, परत तेच घालायचं नाही, हे आमच्या ग्रुपातल्या अर्ध्या लोकांना माहीत नाही, पडलेलं हेल्मेट फेविक्विक लावून घालणारा मी स्वतः बघितलाय.

आणि एक बारकी गोष्ट, जी भांडणात नेहमी निसटते. युरोपातली जी टेस्ट आहे, ईएन १०७८, तिच्यात हेल्मेट सपाट लोखंडावर आपटतात ते सेकंदाला ५.४२ मीटर वेगानं, म्हणजे ताशी २० किलोमीटरच्या जरा आत. हे साधारण दीड मीटरवरनं पडण्याइतकं झालं. आपण आपले घसरून पडलो, खड्ड्यात गेलो, कुत्रं आडवं आलं, यासाठी ते बनवलेलं आहे. मागनं ट्रकनं उडवलं तर काय होईल याची ती टेस्टच नाही.

आता कायद्याकडं. १९८९ ला अमेरिकेतल्या सिएटलच्या डॉक्टरांचा अभ्यास छापून आला, हेल्मेट घातलं तर डोक्याला इजा होण्याचा धोका ८५ टक्क्यांनी कमी. हा ८५ चा आकडा पुढं जगभर फिरला, पोस्टरवर, संसदेत, शाळेत, आणि नंतरच्या अभ्यासात तो खाली आला तरी पोस्टरवरचा काही खाली आला नाही. त्याच सुमाराला ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं १ जुलै १९९० पासून लहान-मोठ्या सगळ्यांना सक्ती केली, जगातला असा पहिला कायदा. एका रात्रीत नाही केला बरं का, आधी बरीच वर्षं प्रचार केला, हेल्मेट घेणाऱ्याला पैसे परत दिले, आणि मग दंड लावला. हेल्मेट घालणारे मार्च १९९० मध्ये ३१ टक्के होते ते वर्षात ७५ टक्के झाले. डोक्याच्या जखमा कमी झाल्या. बाकीच्या राज्यांनी दोन वर्षात तेच केलं, न्यूझीलंडनं १ जानेवारी १९९४ पासून.

खरी भानगड इथनं सुरू होते. मेलबर्नमध्ये त्याच त्याच चौकात उभं राहून सायकली मोजल्या तर वर्षभरात साधारण एक तृतीयांश सायकलवालेच गायब, आणि त्यात शाळकरी पोरं जास्त. विरोधक म्हणाले जखमा कमी झाल्या कारण सायकलीच कमी झाल्या. सक्तीच्या बाजूचे म्हणाले मोठी माणसं नंतर परत आली, आणि नुसत्या संख्येनं एवढी घट होत नाही. हे भांडण तीस वर्षं झाली तरी चालूच आहे, दोन्हीकडं प्रोफेसर आहेत आणि दोन्हीकडं आलेख आहेत. मला विचाराल तर हेल्मेटनं डोकं वाचतं का, हा वाद जवळपास मिटलाय. २०१६ ला ६४ हजारांवर जखमी सायकलवाल्यांच्या माहितीचा एकत्र हिशोब झाला त्यात डोक्याची गंभीर इजा ६९ टक्क्यांनी कमी निघाली. उरलेला वाद कायद्याचा आहे, आणि ही दोन भांडणं लोक एकात एक मिसळतात, परवा चहावर झालं तेच.

मधल्या काळात अजून दोन गोष्टी आल्या. २००३ ला जेकबसन नावाच्या अभ्यासकानं दाखवलं की जिथं सायकली जास्त तिथं प्रत्येक सायकलवाल्याचा धोका कमी, कारण गाडीवाल्याच्या नजरेला सवय होते. म्हणजे सक्तीनं सायकली घटल्या तर राहिलेल्यांचा धोका वाढतो, असं विरोधकांनी धरलं. आणि २००७ ला इंग्लंडातल्या बाथ विद्यापीठातल्या इयान वॉकरचा प्रयोग छापून आला, तो स्वतः सायकलला सेन्सर लावून फिरला होता, तर हेल्मेट घातल्यावर गाड्या सरासरी साडेआठ सेंटीमीटर जास्त जवळनं जातात असं निघालं, या प्रयोगात त्याला एकदा बसनं आणि एकदा ट्रकनं धडक दिली, दोन्ही वेळा हेल्मेट होतं. साडेआठ सेंटीमीटरनं असा काय फरक पडतो म्हणून त्यावरपण वाद झाला.

शर्यतवाल्यांचं वेगळंच. १९९१ ला पॅरिस-नीस शर्यतीत हेल्मेटसक्तीवर रेसरनी चक्क संप केला आणि नियम मागं गेला. २००३ मध्ये त्याच शर्यतीत कझाकस्तानचा आंद्रे किव्हिलेव्ह पडला आणि त्यात मेला, डोक्यावर हेल्मेट नव्हतं, आणि दोन महिन्यात नियम आला. तरी पहिल्यांदा शेवटच्या मोठ्या चढाला हेल्मेट काढायची सूट ठेवली होतीच.

मागं फिरलेलेपण आहेत. इस्रायलनं २००७ ला सक्ती केली आणि २०११ ला शहरातल्या मोठ्या माणसांना सोडलं. मेक्सिको सिटीनं २०१० ला सक्ती काढून टाकली. भाड्याच्या सायकलींचं गणित तर यात बसतच नाही, कारण सायकल चौकात मिळते पण हेल्मेट घरी राहिलेलं असतं, मेलबर्ननं २०१० ला ती योजना काढली, पाच डॉलरला हेल्मेट विकायला ठेवली, तरी ती रडतखडत २०१९ ला बंद झाली. फ्रान्सनं २०१७ ला फक्त बारा वर्षांखालच्या पोरांना सक्ती केली. जपाननं २०२३ पासून सगळ्यांना सांगितलंय की घालायचा प्रयत्न करा, दंड नाही.

आता आपल्या सांगलीत हे लावून बघा. गाव सपाट, आयर्विन पुलाचा चढ सोडला तर दम लागायचं कारण नाही, म्हणून सायकल अजून टिकून आहे, पण ती दोन जातीची. पहाटे पाचला निघणारी आमची, हेल्मेट, ग्लोव्हज, मागं लाल ब्लिंकर. आणि त्याच वेळेला निघणारी दूधवाल्याची, पेपरवाल्याची, मार्केट यार्डातल्या हमालाची, वॉचमनची. बऱ्यापैकी हेल्मेट दुकानात घ्यायचं तर जुन्या सायकलीच्या किमतीच्या आसपास जातं. हंगाम सुरू झाला की ह्या लोकांना भीती असते ती उसाच्या ट्रॅक्टरची, मागं दोन-दोन ट्रॉल्या, नाहीतर अंगद, म्हणजे ट्रॅक्टरला जोडलेल्या बैलगाडीसारख्या गाड्या, ऊस बाहेर आलेला आणि मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. त्या धडकेत थर्माकोल किती चेपणार हे वर सांगितलंच.

सायकलच्या रिफ्लेक्टरचं मात्र केंद्रानं २०२० ला ऑर्डर काढून मनावर घेतलं, तीपण सायकल बनवणाऱ्यावर, चालवणाऱ्यावर नाही. आमच्या ग्रुपचा नियम साधा आहे, हेल्मेट नाही तर राईड नाही, आणि मी तो पाळतो, मागच्या हिवाळ्यात माधवनगर रोडला खडीवर घसरलो तेव्हा हेल्मेट डाव्या बाजूला चिरलं आणि मी उठून घरी आलो. परवा हे सांगितल्यावर सक्तीवाला लगेच म्हणाला, बघ, तूच सांगितलंस. मी म्हटलं खडी कुणी टाकून ठेवली होती ते नाही विचारलंस.