ग्लावलिट आणि लेखक संघ: सोव्हिएत लेखकाला नेमकं कोण अडवायचं?

सोव्हिएत काळात एखादं पुस्तक अडलं की आपण 'सेन्सॉरने अडवलं' म्हणून मोकळे होतो. प्रत्यक्षात तिथे दोन वेगळ्या यंत्रणा होत्या.

ग्लावलिट हे सरकारी खातं, १९२२ साली निघालेलं. छापायला जाणारा मजकूर आधी तपासायचा, हे त्याचं मुख्य काम. काय छापायचं नाही याची गुप्त यादी तपासनिसाकडे असे. लष्करी ठिकाणं, कैद्यांच्या श्रमछावण्या, दुर्घटना वगैरे. लेखकाची आणि त्याची गाठ सहसा पडत नसे. मधे संपादक असे, आणि सेन्सॉरची काटछाट तो स्वतःची सूचना म्हणून पुढे करी. पुस्तकाच्या छपाईच्या तपशिलात एक अक्षर आणि आकडा असे, तोच मंजुरीचा क्रमांक.

लेखक संघाची गोष्ट वेगळी. १९३२ साली कम्युनिस्ट पक्षाने जुन्या साहित्यिक संघटना मोडीत काढल्या आणि १९३४ च्या मॉस्कोच्या अधिवेशनात गॉर्कीच्या अध्यक्षतेखाली हा संघ उभा राहिला. ग्लावलिट मजकूर तपासायचं. संघ माणूस तपासायचा. घर, उपचार, आरामगृह, मॉस्कोजवळच्या पेरेडेल्किनोची डाचा (गावाकडचं घर) हे सगळं संघ आणि त्याचा 'लिटफोंड' (लेखकांचा मदतनिधी) यांच्या हातात. सभासद नाही तर लेखक नाही. १९६४ साली लेनिनग्राडच्या कोर्टात न्यायाधीशबाईंनी कवी ब्रॉडस्कीला विचारलं ते हेच, की तुला कवी म्हणून मान्यता कुणी दिली? 'ऐतखाऊपणा'च्या गुन्ह्याखाली त्याला पाच वर्षांची हद्दपारी झाली.

मला विचाराल तर संघाचीच दहशत मोठी. कारण हात वर करून हाकलणारे परके नसत, सोबत लिहिणारेच असत. संघातून असे काढले गेले ते १९४६ मध्ये कवयित्री अख्मातोवा आणि विनोदी लेखक झोश्चेंको, १९५८ मध्ये नोबेलनंतर पास्तरनाक, १९६९ मध्ये सोल्झेनित्सिन. पास्तरनाकचं नाव लिटफोंडातून मात्र काढलं नव्हतं. १९६० साली तो गेला तेव्हा वर्तमानपत्रातल्या त्रोटक निवेदनात 'लेखक, लिटफोंडचे सभासद' एवढीच ओळख छापून आली. काय ही कारकुनी!

दोन्हींची गल्लत होते कारण परिणाम एकच दिसतो. पण ग्रॉसमनची 'जीवन आणि नियती' ही कादंबरी पाहा. हस्तलिखित त्याने स्वतः मासिकाकडे दिलं होतं. मासिकवाल्यांनी ते नाकारलं आणि फेब्रुवारी १९६१ मध्ये केजीबीने त्याच्या घरी येऊन प्रती उचलून नेल्या. ग्लावलिटच्या शिक्क्यापर्यंत गोष्ट पोचलीच नाही. उलट सोल्झेनित्सिनची 'इव्हान देनिसोविच' १९६२ मध्ये छापली गेली ती पक्षप्रमुख ख्रुश्चेव्हच्या संमतीने. छावणीचा विषय असूनही यादी आड आली नाही. म्हणजे दोन्हींच्या वर पक्ष होताच.

ग्लावलिटची पूर्वतपासणी १९९० च्या नव्या वृत्तपत्र कायद्याने गेली. संघ मात्र कायद्याने संपला नाही. देश फुटला तसा तोही फुटला, आणि त्याचे तुकडे पुढे मालमत्तेवरून भांडत बसले.