सुई लागली की कॅन्सर पसरतो?

पर्वतीवर सकाळी चालणाऱ्या ज्येष्ठांच्या गप्पांत एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय: "प्रोस्टेटला सुई लावू नका, कॅन्सर पसरतो." ही सुई म्हणजे बायोप्सी: मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीचे बारीक तुकडे तपासणीसाठी काढणं. सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी रुजल्याच्या नोंदी आहेत, पण अगदी विरळा. खरी काळजी जंतुसंसर्गाची, आणि तो बराचसा सुई कुठून जाते यावर ठरतो.

जुन्या पद्धतीत सोनोग्राफीचा प्रोब गुदद्वारात ठेवून आतड्याच्या भिंतीतूनच सुई घालतात आणि साधारण 12 तुकडे काढतात. सुईसोबत तिथले जंतूही आत जातात. त्याऐवजी वृषण आणि गुदद्वार यांच्यामधल्या त्वचेतून गेलं तर आतडं टळतं. ग्रंथीच्या पुढच्या भागातली, एरवी निसटणारी गाठही हाती लागते.

आता सुईचा नेम साधण्याचं. आधी एमआरआय काढून संशयित जागी सुई घातली, तर 2018 च्या 'प्रिसिजन' चाचणीत 38 टक्के पुरुषांत उपचार लागेल असा गंभीर कॅन्सर सापडला. 12 तुकड्यांच्या पद्धतीत 26 टक्क्यांत. फ्यूजन मशीन एमआरआयचं चित्र सोनोग्राफीवर बसवतं, पण रुग्ण हलला किंवा प्रोबने ग्रंथी दाबली गेली की जुळणी सरकते, छोटी गाठ हुकते. नुसतं मशीन महाग असून भागत नाही, हात सरावाचा लागतो.

एमआरआय बायोप्सीच्या आधीच काढा. नंतर साचलेलं रक्त काही आठवडे चित्र गढूळ करतं. वीर्य तेवढे दिवस तपकिरी दिसेल, ते चालतं. थंडी वाजून ताप आला तर मात्र त्याच रात्री रुग्णालय गाठा.